पोस्टाच्या खिडकीतली ठणक

भडगावच्या पोस्टात खिडकीवर बसणारी ती बाई फोन कधी गालाला लावत नाही. स्पीकरवर टाकून हातभर लांब धरते. हे असं का, याचं मला कुतूहल होतं. एकदा स्कार्फ सरकला आणि जबड्यावरचे फोड दिसले. तोंड न आलेले, कातडीखाली रुतून बसलेले, बोराएवढे.

रांगेतला जो तो तिला उपाय सांगतो. कोणी हळद, कोणी कडुनिंब, कोणी केळीची साल. एक आबा म्हणाले, पिळून टाक. ती पुस्तकी मराठीत म्हणाली, "पिळले की आणखी खोल जातात, आबा. डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. महिने लागतात." आणि शिक्का मारला.

परवा माझ्यापुढे खेड्यावरची एक म्हातारी होती. पाकीट आत सरकवताना तिची नजर त्या जबड्यावर थांबली.

"दुखस का व माय?"

हे आजवर कोणी विचारलं नव्हतं, मीही नाही. शिक्क्याचा हात वरच राहिला.

"दुखस, अक्का," ती म्हणाली. तिची अहिराणी मी पहिल्यांदाच ऐकत होतो. "भलतं दुखस."

त्यानंतर रांगेत कोणी उपाय सांगितला नाही.