थोरला, धाकला आणि मावशीचा पदर

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या मावशीचं नाव घेतो. नाव म्हणजे मावशीच. तिचं खरं नाव तिच्या फोटो स्टुडिओच्या पाटीवरही नव्हतं. पाटीवर होतं तिच्या नवऱ्याचं, आणि तो जाऊन बरीच वर्षं झाली होती.

समोरच्या स्टुलावर माणूस बसला की ती आधी कॅमेऱ्याकडे बघायची नाही, त्याच्याकडे बघायची. गिरणीत कापड रंगवायच्या, डाइंगच्या खात्यात दिवस काढलेली आमची माणसं फोटोला बसली की मान आपोआप खाली जायची. मावशी कॅमेरा डोळ्याला लावायची, पुन्हा खाली घ्यायची आणि अहिराणीत विचारायची, "खाले काय देखस? तठे काय पडेल शे?" खाली काय बघतोस, तिथं काय पडलंय? माणूस ओशाळून हसायचा, वर बघायचा आणि तेवढ्यात खटका पडायचा. आमच्या वस्तीतल्या निम्म्या लोकांच्या ओळखपत्रावर ते ओशाळं हसू आहे.

मी खानदेशातल्या एका लहान गावात काकांकडे राहून बारावी झालो आणि सुरतेला वडिलांकडे आलो. वडील मला स्टुडिओत घेऊन गेले ते गिरणीच्या गेटपासचा फोटो काढायला. मावशीनं मला मार्क विचारले. मी सांगितले. तिनं कॅमेऱ्यावर झाकण लावलं.

"गेटपासचा फोटो मी काढणार नाही याचा. कॉलेजच्या फॉर्मचा काढते."

वडील म्हणाले, "अगं, साईज तर एकच असतो दोन्हीचा."

"असू दे. मी काढणार नाही. चौकात तो गुजराती आहे, त्याच्याकडे जा. चांगला काढतो."

वडील उठले. दारापर्यंत गेले. बाहेर ऊन होतं, आणि चौक काही लांब नव्हता. पण ते परत आले आणि बाकावर बसले. "काढ बाई, तुला पाहिजे त्याचा," म्हणाले. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर असा त्या स्टुलावर ठरला. संध्याकाळी काम हवं म्हणून तिनंच मला उधना रस्त्यावरच्या एका कलर लॅबच्या काउंटरवर चिकटवलं. दिवसा कॉलेज, संध्याकाळी लोकांचे रोल घ्यायचे आणि फोटोंची पाकिटं द्यायची.

मावशीचा कॅमेरा नवऱ्याच्या हातचा. काळा, धातूचा, भिंगासकट विटेएवढा जड. वर फ्लॅश चढवला की आणखी एक वीट. नवरा गेल्यावर दीर गावाहून आले होते, कॅमेरा विका आणि घरी चला म्हणून. मावशीनं तो गळ्यात अडकवूनच त्यांना चहा दिला. तो चहा संपेपर्यंत त्यांनी विषय दोनदा काढला आणि दोनदा गिळला, असं ती सांगायची. त्या कॅमेऱ्याला ती 'थोरला' म्हणायची.

थोरल्यावर तिनं वस्तीतली लग्नं काढली. मंडप, अक्षता, पंगत, पाठवणी, सगळं. फक्त हळद नाही. हळद घरात, बायकांमध्ये. तिथं पुरुष फोटोग्राफर चालत नाही, आणि मावशी बाई असली तरी विधवा. "तू दारातूनच काढ हं," असं गोड बोलून तिला उंबऱ्याबाहेर ठेवायचे. दारातून पाठमोऱ्या बायका दिसायच्या, नवरी दिसायचीच नाही. त्यात थोरला डोळ्याला लावला की आतल्या बायका एकदम गप्प, पदर सावरून, शाळेच्या ग्रुप फोटोसारख्या.

माझ्या ताईचं लग्न ठरलं, जवळच्या चलथाणच्या साखर कारखान्यात नोकरीला असलेल्या मुलाशी. तेव्हा मावशी लॅबमध्ये आली आणि म्हणाली, "थोरल्याला एक धाकला बघायचा आहे. खिशात मावेल असा. तू इंग्रजी वाचतोस, तू चल."

मी दोन दिवस कंपन्यांची रंगीत पत्रकं वाचून काढली आणि मनात एक ठरवूनही टाकला. झूमवाला. भागळच्या बाजारातल्या दुकानात दुकानदारानं काचेवर तीन-चार मांडले आणि एक पुढे सरकवला. "बेन, आ लई जाओ. लेडीज माटे सरस छे. गुलाबी पण मळशे." बायकांसाठी छान आहे, गुलाबीही मिळेल.

"फोटो पण गुलाबी आवशे, भाई?" मावशीनं विचारलं. दुकानदारानं तो मागे घेतला.

मग तिनं कमरेचा बटवा काढला, सुपारी माझ्या हातावर रिकामी केली आणि एकेक कॅमेरा त्यात घालून बघायला लागली. माझा झूमवाला बटव्याच्या तोंडातच अडकला.

मी म्हणालो, "मावशी, पण यात लांबूनसुद्धा चेहरा मोठा येतो."

"लांबून काढायला थोरला आहे की. लांब उभं राहून माझे पाय दुखायला लागलेत. मला जवळ बसायचंय."

दुसरा बटव्यात गेला, पण रोल पुढे सरकवताना घर्र आवाज करायचा. तिनं तो कानाला लावला. "याला दमा आहे." तिसरा चपटा, करडा, साबणाच्या वडीएवढा. आपला आपण फोकस करणारा, पुढचं झाकण सरकवलं की सुरू, फ्लॅश पोटातच. बटव्यात गेला आणि वर दोरीही आवळली गेली. "हा," ती म्हणाली.

घरी येताना मी पुस्तिका वाचून एक गोष्ट तिला सांगितली. "मावशी, थोरल्यात तू भिंगातूनच बघतेस. यात बघायची खिडकी वेगळी आणि भिंग वेगळं. भिंगासमोर बोट आलं तरी तुला कळणार नाही."

"बोटं आवरता येतात मला," ती म्हणाली.

बोटं तिनं आवरलीच.

हळदीच्या दिवशी आईचा जीव खालीवर होत होता. चलथाणहून नवरदेवाची उष्टी हळद घेऊन त्याची मोठी आत्या येणार होती, आणि ती कडक. पण ताई पाटावर बसल्याबसल्या म्हणाली, "मावशी आत बसेल, नाहीतर मला हळदच लावू नका." शेवटी आई मावशीला म्हणाली, "बस बाई. पण डोक्यावरून पदर घे, जरा पुढं ओढून. एवढं ऐक माझं." मावशीनं ऐकलं. माझ्या आईसाठी ऐकलं, असं ती पुढे म्हणायची. कपाळ झाकेल एवढा पदर ओढून ती बायकांच्या घोळक्यात बसली आणि बटव्यातून धाकला काढला. बायका गात होत्या, एकमेकींच्या गालाला हळद फासत होत्या. आत्याबाईंना त्या पदराआड कोण आहे ते कळलंही नाही. मावशीनं सबंध रोल संपवला.

तो रोल लॅबमध्ये माझ्यासमोरच छापून निघाला. पहिला फोटो आला, दुसरा, तिसरा. असे फोटो मी काउंटरवर कधी पाहिले नव्हते. ताई तोंड उघडून हसतेय, कोणीतरी तिच्या नाकाला हळद लावतेय, आई रडता रडता गातेय. आणि प्रत्येक फोटोत डावीकडे एक पांढरी, धूसर पट्टी, वरून खाली उतरलेली. मला वाटलं रोलमध्ये उजेड शिरला. मग लक्षात आलं. तो मावशीचा पदर होता. थोरल्यात तो तिला लगेच दिसला असता.

मावशीनं फोटो पाहिले. मग म्हणाली, "बोटं बोटं करत बसले मी."

गोष्ट चलथाणला गेलीच. ताईच्या सासरी फोटो पाहताना आत्याबाईंनी विचारलं, हा पदर कोणाचा, आणि कोणीतरी सांगून टाकलं. दोन दिवसांनी त्या स्टुडिओत हजर. सोबत माझी आई, खाली मान घालून.

"निगेटिव्ह द्या. जाळायच्या आहेत. नव्या नवरीच्या हळदीत असला पदर? पोरीच्या संसाराचा तरी विचार करायचा."

मावशी म्हणाली, "निगेटिव्ह पोरीच्या आहेत. तिला विचारा."

त्या आठवड्यात दोन घरांनी मावशीला सांगितलेली लग्नं चौकातल्या गुजरात्याला दिली. आई माझ्याकडे लॅबमध्ये आली. "तेवढी बाजू कापून छाप ना रे. पट्टीच गेली की वादच मिटला." मी सगळ्यात चांगला फोटो घेतला, त्यावर कागद धरून पट्टी झाकली आणि आईला दाखवला. पट्टीबरोबर आईही गेली होती. फोटोत ती ताईच्या डावीकडे बसली होती. पदराला लागूनच तिचा हळदीचा हात होता. आईनं कागद काढला, पुन्हा ठेवला, पुन्हा काढला. मग फोटो पिशवीत घातला.

ताईनं चलथाणहून निरोप पाठवला: एकही फोटो कापायचा नाही, आणि तो एक मोठा करून पाठवा, मला भिंतीवर लावायचाय. मावशीनं दोन मोठे केले. एक चलथाणला गेला. दुसरा तिनं स्टुडिओच्या दर्शनी काचेत लावला, पट्टीसकट, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा.

काचेतला तो फोटो बघायला वस्तीतल्या बायका थांबायच्या. हळदीच्या खोलीतला आपलाच गोंधळ त्यांनी फोटोत कधी पाहिला नव्हता. महिन्याभरात एका मुलीनं घरी हट्ट धरला, मावशीलाच आत बसवा. तिच्या आजीनं अट घातली, पदर पुढं ओढून बसायचं. आता मावशीचं उत्तर ऐका.

"पदर नाही घेणार. मागच्या वेळी घेतला तर सबंध रोल बिघडला. भिंगासमोर येतो."

"डोक्यावरून तरी घे."

"तिथूनच येतो."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांना सांगा, मशीनचा नियम आहे."

आणि ती उघड्या डोक्यानं, उघड्या कपाळानं, पदर कमरेला खोचून हळदीच्या मधोमध जाऊन बसली. एखादी म्हातारी कुजबुजली तर धाकला तिच्याकडे वळवायची. "आजी, इकडं बघ. खाले काय देखस?" त्यानंतर तिनं पुन्हा कधी डोक्यावरून पदर घेतला नाही, कामावर नाही, आणि काम नसताना दुकानात किराणा आणायला जातानाही नाही.

पुढे मला नाशिककडे शाळेत नोकरी लागली. मावशी आता नाही. स्टुडिओच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. आमच्या बैठकीत माझ्या हळदीचा फोटो आहे. त्यात माझ्या शेजारी, कोपरापर्यंत पिवळी झालेली, थेट भिंगाकडे बघणारी बाई कोण, असं पाहुणे विचारतात. तिला मी लग्नाआधी पाठवलेलं पत्र मला अजून पाठ आहे, कारण ते चारदा लिहून फाडलं होतं.

"प्रिय मावशी,

सा. न. वि. वि. माझं लग्न ठरलं. पत्रिका वेगळी येईल, पण त्याआधी हे वाच. चष्मा सापडत नाही म्हणून वाचून दाखवायला कोणाला बोलावशील तर मोठ्यानं वाचायला सांग, ऐकू दे शेजाऱ्यांना.

हळदीला तू आदल्या दिवशीच यायचं. घरात वाद झाला, तो मी मिटवलेला नाही, तसाच ठेवलाय. मी एवढंच सांगितलं की मला पहिली हळद मावशी लावेल, नाहीतर कोणीच लावू नये. ताईनं पाटावर बसून सांगितलं होतं, तसंच. काल आई म्हणाली, मावशीला माझ्याजवळ बसव.

थोरला आणि धाकला दोन्ही घरी ठेवून ये. फोटो काढायला माझा मित्र आहे, नवऱ्याच्या हळदीत पुरुष चालतो. ताईच्या हळदीत तुझा नुसता पदर आला होता. माझ्या हळदीत तू सबंध यायचं आहेस.

तुझा."