साखरेच्या डब्यावरचे ठसे

हळदीच्या गिरणीत उभा जन्म गेलेल्या पिवळेमामांची बोटं कशानेच उजळत नसत. दिव्याची बटणं, दाराच्या कड्या, पेपरच्या कडा, जिथे हात लागेल तिथे पिवळा ठसा! त्यात डॉक्टरांनी साखर बंद केली आणि ही बोटंच चुगलखोर निघाली. पांढऱ्या डब्यावर ठसे दिसले, की मामी त्यांना फैलावर घेत.

एका दुपारी मामी शेजारी गेल्या. मामांनी घाईघाईने साखरेचा बकाणा भरला आणि पुरावा नको म्हणून झाकणाला साबण चोळला. साबणाने हळद लाल होते, हे गडबडीत साफ विसरले! ठसे लालभडक झाले, तेवढ्यात मामी दारात.

“इतकी वर्षं चोर नुसता पिवळा होता,” त्या म्हणाल्या, “आज लाजून लाल तरी झाला!”