गेटवर अडकलेला वॉफलचा साचा

मी लिहायला बसावं इतकी माझी लायकी आहे का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. शिकलेला म्हणून घरच्यांनी एकदा माझ्याकडून एक कागद लिहून घेतला, आणि त्या कागदानं त्यांचं नुकसानच केलं. तरी पुन्हा लिहितो आहे, त्याची वाचणाऱ्यांनी क्षमा करावी.

रशियाच्या मदतीनं बांधला जाणारा भिलाईचा पोलाद कारखाना तेव्हा अजून उभा राहत होता. बाबा फाउंड्रीत होते. माय रशियन साहेबांच्या क्वार्टरमध्ये एका बाईकडे भांडी घासायला जायची. ती बाई दुपारी मायला आपल्याच टेबलाशी बसवून खाऊ घालायची. भंडाऱ्याकडच्या आमच्या गावात माय ज्या घरांशी उंबऱ्याबाहेरूनच बोलत आली होती, त्यांच्यापुढे हे सांगायला तिला फार आवडायचं.

बाईकडे एक लोखंडी साचा होता. चौकटी कोरलेल्या दोन जाड पाट्या, मधे खीळ, मागे लांब दांड्या. एका पाटीवर चमचाभर पातळ पीठ ओतायचं, साचा मिटायचा, चुलीवर दोन्ही बाजूंनी भाजायचा. निघालेली पातळ चकती गरम असतानाच सुरळी करून वळायची. माय हे हातवारे करून सांगायची. मी तेव्हा नागपूरला शिकत होतो; सुट्टी संपवून परतल्यावर कॉलेजच्या लायब्ररीत मोठा ज्ञानकोश काढून बसलो. त्या पदार्थाचं नाव वॉफल. बेल्जियममध्ये तो जाड, फुगलेला करतात. हॉलंडमध्ये दोन पातळ चकत्यांच्या मधे पाक भरतात. नॉर्वेत त्याचा आकार पत्त्यातल्या बदामासारखा. सगळं वहीत उतरवून घेतलं आणि पुढच्या सुट्टीत मायला वाचून दाखवलं.

"एवढे देश?" माय म्हणाली. "मंग आपल्या भिलाईचं कोनतं?"

तोवर ती बाई मायदेशी परत गेली होती आणि जाताना साचा मायला देऊन गेली होती. खीळ ढिली झाल्यामुळे पाट्या एकमेकींवरून सरकायच्या. मायनं तांदळाच्या पिठात गूळ कालवून पाहिलं, तर अर्धं वरच्या पाटीला चिकटलं, अर्धं खालच्या.

"लेह्य तुह्या वहीत," ती म्हणाली, "भिलाईचं चिकटते."

बाबा खरवड खात म्हणाले, "आन इकडं. खीळ बसवून आनतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी साचा डब्याच्या पिशवीत घालून आत नेला. कारखान्याचा नियम असा, की बाहेरचं लोखंड आत नेताना गेटवर नोंद करून चिठ्ठी घ्यायची. एवढ्याशा कामासाठी कोण चिठ्ठी घेतो, असं बाबांना वाटलं. सुट्टीच्या वेळी पहारेकऱ्यानं पिशवी उघडली. साच्याच्या पाठीवर रशियन अक्षरं होती, आणि कारखान्यातल्या निम्म्या यंत्रांवर तशीच अक्षरं होती. साचा जप्त झाला. चौकशी होईपर्यंत बाबांना घरी बसायला सांगितलं आणि लेखी खुलासा मागितला.

खुलासा मी लिहिला, इंग्रजीत. खरं तेवढं लिहायला चार ओळी पुरल्या असत्या. पण त्यातल्या एका ओळीत माझी आई लोकांची भांडी घासते, हे आलं असतं. नागपूरच्या वसतिगृहात आम्ही सगळी आमच्याच समाजातली मुलं. असली कामं आपण सोडली, हे तिथं ताठ मानेनं बोललं जायचं. वडील कारखान्यात आणि आई घरीच असते, असं मी तिथं सांगून ठेवलं होतं. मी लिहिलं, की ही वस्तू नागपूरच्या जुन्या बाजारातून घरच्या वापरासाठी विकत आणली आहे.

माय चुलीपाशी होती. "बाई माह्या हाती देऊन गेली, ते लेहलं ना?"

"हो," मी म्हणालो.

बाबांनी कागद न वाचता सही केली. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, आणि माझ्यावर विश्वास होता.

सुट्टी संपली, मी नागपूरला परतलो. पंधरा दिवसांनी शेजारच्या काकांच्या हातचं कार्ड आलं. चौकशीत साहेबांनी बाबांना विचारलं, कोणत्या दुकानातून घेतला? बाबांनी खरं ते सांगितलं, की रशियन बाईनं दिला. साहेबांनी सहीचा कागद पुढे ठेवला. बाबांना आता खोटारडा आणि चोर दोन्ही ठरवत होते. नोकरी राहील असं दिसत नव्हतं.

उत्तर लिहायला मी रोज बसत होतो. साहेबांना खरं कळवायचं तर पुन्हा तीच ओळ लिहावी लागणार होती. अखेर ती लिहिली, पाकीट बंद केलं, आणि टपालपेटीपर्यंत जाऊन दोनदा परत आलो. तिसऱ्यांदा निघालो तेव्हा दारातच पोस्टमननं भिलाईचं कार्ड हातात दिलं. अक्षर काकांचं, पण बोलणं मायचं होतं.

"बाबाले कामावर घेतलं. बाई साचा देत होती तवा दुभाषी तेथंच उभा होता. त्याले हुडकून मी हापिसात घेऊन गेली. साहेबाले म्हनलं, मी त्या बाईच्या घरी भांडे घासत होती, साचा माहा आहे. दुभाष्यानं हो म्हनलं. साचा परत भेटला, खीळ बसली आहे. साहेबानं विचारलं, मंग कागदात नागपूरचा बाजार कावून लेहला? मी सांगतलं, पोरगा नागपूरले शिकून राहिला, त्याले माह्या कामाचं मालूम नाही. तुले कोनी विचारलं त तू बी तसंच सांगजो."