गेटमामाचे अंदाज

सुप्याच्या एमआयडीसीत आमची रबरी सील बनवायची कंपनी आहे. तिच्या गेटवर सूर्यभान औटी नावाचे गार्ड आहेत. वय बावन्न, मिशा भरघोस, आवाज मात्र शाळेतल्या पोरीसारखा बारीक. सगळे त्यांना गेटमामा म्हणतात. फुटबॉलमध्ये एका बाजूला किती माणसं खेळतात हे त्यांना गेल्या दिवाळीपर्यंत ठाऊक नव्हतं. तरी त्याच हिवाळ्यात त्यांनी आमच्या इंजिनिअर लोकांच्या तोंडचं पाणी पळवलं. मी, सविता, या कंपनीचं कँटीन चालवते. अंदाजाचा तक्ता माझ्याच भिंतीवर होता, त्यामुळे यातलं काहीही मी ऐकीव सांगत नाही.

झालं असं, की इथल्या आठ कंपन्यांनी मिळून कामगारांची फुटबॉल लीग सुरू केली. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं. चौदा रविवार, दर रविवारी सकाळी आठपासून एकामागून एक चार मॅच. टीमना इंग्रजी नावं दिली होती, ती कुणाच्या लक्षात राहिली नाहीत. गिअरवाले, पेंटवाले, पंपवाले अशीच नावं पडली आणि आम्ही झालो रबरवाले. आमची कंपनी मैदानाच्या सगळ्यात जवळ, म्हणून पहिली मॅच नेहमी आमची. लोकांना खेळात रस वाटावा म्हणून एचआरच्या गोरक्षनाथ साहेबांनी कँटीनमध्ये तक्ता लावला. शनिवारी दुपारपर्यंत प्रत्येकाने आपल्या नावापुढे चारही मॅचचा अंदाज लिहायचा. बरोबर आला की एक गुण. आणि चौदा रविवारनंतर ज्याचे गुण जास्त, त्याच्या हातून जिंकणाऱ्या टीमला चषक द्यायचा. स्टेजवर उभं राहून, माइकवर नाव पुकारून.

हे ऐकलं आणि मामांनी चहाचा कप खाली ठेवला. "गार्डलाबी लिवता येतं का, ताई?"

"तुम्ही काय कंपनीबाहेरचे आहात का?" मी म्हटलं आणि त्यांचं नाव सगळ्यात खाली लिहिलं. एकतिसावं.

पहिल्या रविवारी त्यांचे चारही अंदाज बरोबर आले. लोक म्हणाले, बोलाफुलाला गाठ पडली. दुसऱ्या रविवारी तीन, तिसऱ्या रविवारी पुन्हा चार. क्वालिटी डिपार्टमेंटचा भागवत लॅपटॉपवर कसली कसली टक्केवारी काढायचा आणि तरी मामांच्या मागे राहायचा. बिचाऱ्याचं जेवण कमी झालं. दोन चपात्यांवर आला, हे मी मोजलंय. मला तर गंमतच वाटत होती. इंजिनिअर लोक कँटीनच्या भाजीला नावं ठेवतात, त्यांची जिरलेली मला आवडते.

सहाव्या आठवड्यात मात्र मला राहवेना. मामा चहाला आले तेव्हा विचारलं, "खरं सांगा, कुणाला विचारता?"

मामांनी इकडेतिकडे बघितलं. "सांगशीला न्हाई ना कुनाला? आमच्या एजन्सीची एकच गाडी हाय, ताई. आठी कंपन्यांचं गार्ड त्याच गाडीतून येत्यात. मी नुसतं इचारतो, तुमच्या पोरांत शनवारी नाईटला कोन कोन हाय? ज्या टीमची चार-पाच पोरं रातभर मशिनीवर उभी ऱ्हायली, ती रव्वारी सकाळी हरनार. मला फुटबॉल कळत न्हाई. मी झोप मोजतो."

मी पोट धरून हसले. एवढं सोपं होतं आणि भागवत काखेत कळसा घेऊन गावाला वळसा घालत बसला होता! मी कुणाला काही बोलले नाही. बोलायला हवं होतं, असं आता वाटतं, कारण त्या झोपेच्या हिशेबात एक माणूस भरडला जात होता आणि तो माझ्याच हातचं जेवत होता.

तो म्हणजे दानीएल, आमचा गोलकीपर. चोवीस वर्षांचा, कंत्राटी ऑपरेटर, नगरचा, सुप्यात खोली घेऊन राहणारा. त्याचे वडील जेम्सकाका एका शाळेत शिपाई होते आणि तरुणपणी चर्चच्या टीमचे गोलकीपर. आता गुडघे गेलेत, घरातच असतात. दानीएल रविवारी मॅचला जाताना आपला मोबाईल मामांकडे ठेवायचा आणि मॅच संपली की गेटवरच्या बाकावर बसून वडिलांना फोन लावायचा. वडील गोलांबद्दल एकच विचारायचे, "किती सोडलेस?" हा सांगायचा, "चार, पप्पा." पुढच्या रविवारी, "तीन, पप्पा." मामा शेजारी उभे राहून ऐकायचे.

दानीएलला नाही म्हणता येत नाही, हा त्याचा दोष. कुणाची पोरगी आजारी, कुणाला गावी जायचंय, कुणाच्या मेहुणीचं लग्न. शनिवारची रात्रपाळी शेवटी याच्याच गळ्यात पडायची. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी तो गेटमधून बाहेर पडायचा आणि आठला गोलपोस्टमध्ये उभा राहायचा. चेंडू जवळ येऊन गेल्यावर उडी मारायचा. लोक हसायचे. पोरांनी त्याचं नाव 'चाळणी' ठेवलं. तेराव्या रविवारपर्यंत आम्ही आठांत आठवे होतो.

शेवटच्या आठवड्यातल्या बुधवारची गोष्ट. जेवणाच्या सुट्टीत गोरक्षनाथ साहेब टीमच्या पोरांना घेऊन तक्त्यासमोर बसले. शेवटची मॅच गिअरवाल्यांशी, ते तर पहिल्या नंबरवर. साहेब म्हणाले, "निदान लाज तरी राखू. गोलकीपर बदलतोय. दानीएल, पुढच्या वर्षीही दुसरा बघू." आणि तक्त्यावर बोट ठेवून म्हणाले, "मी मनाचं बोलत नाहीये. हे बघा, गेटमामांनी आपल्या टीमची बारा वेळा हार लिहिलीय आणि बाराही वेळा बरोबर आलीय. ज्या माणसाचा अंदाज चुकत नाही, त्यालाही दिसतंय की हा पोरगा गोलकीपर नाही."

दानीएल मान खाली घालून ताटातला भात चिवडत होता. मामा दारापाशी चहा पीत उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. कप ठेवून ते सरळ बाहेर निघून गेले. मला इतका राग आला, की त्या दिवसापासून त्यांचा चहा बंद करायचा असं मी ठरवून टाकलं.

पाच मिनिटांत मामा परत आले. काखेत गेटचं रजिस्टर होतं. हे रजिस्टर गेटवरून हलवायचं नाही, हा पहिला नियम. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मामांनी ते साहेबांसमोर टेबलावर उघडलं.

"साहेब, मला त्या खेळातलं काय बी कळत न्हाई," ते म्हणाले. "ह्ये बघा. शनवार, दानीएल आत, रातचं पावणेअकरा. रव्वार, भायेर, सकाळचं सात दहा. ह्यो दुसरा शनवार. ह्यो तिसरा. तेरातलं बारा शनवार असंच हाय. मी बारा वेळा हार लिवली ती त्याच्या खेळाची न्हाई, त्याच्या जागरनाची लिवली. एका शनवारी पोरगं दिवसपाळीला हुतं. त्या रव्वारी आपन पंपवाल्यास्नी हरवलं, दोन-एक. त्या दिशी मी काय लिवलंय बघा तक्त्यावर."

सगळ्यांच्या माना तक्त्याकडे वळल्या. त्या रकान्यात मामांच्या वाकड्यातिकड्या अक्षरात 'जीत' होतं.

"दुसऱ्या टीमांचंबी तसंच," मामा म्हणाले. "मी गाडीत इचारून घेत हुतो. चूक झाली. मला त्या ष्टेजवर जायाचं हुतं, म्हनून गप ऱ्हायलो. पन माझा आकडा दावून त्या पोराला काडू नका."

तेवढ्यात भागवत मागून म्हणाला, "म्हणजे मी तीन महिने..." आणि त्याने हातातली चपाती ताटात ठेवली.

गोरक्षनाथ साहेब आधी रजिस्टरवरून भडकले. गेटची माहिती गेटवरच राहिली पाहिजे, एजन्सीला फोन करतो, असं बरंच बोलले. खरोखरच फोन केलाही. दोन दिवस मामांचा चेहरा उतरलेला होता, आणि मी त्यांना न मागता दोनदोनदा चहा पाठवला. एजन्सीने ताकीद देऊन सोडलं. साहेब माणूस चिडका, पण आडमुठा नाही. शुक्रवारी त्यांनी स्वतः शिफ्टचा कागद हातात घेतला आणि टीममधल्या एकालाही शनिवारची रात्रपाळी लावली नाही. वर गिअरवाल्यांच्या एचआरलाही फोन करून तसंच करायला सांगितलं. गोलकीपर दानीएलच राहिला.

शनिवारी दुपारी मामा तक्त्यासमोर उभे राहिले ते हलेचनात. पहिल्या तीन मॅचचं कसंबसं लिहिलं. चौथ्या रकान्यापाशी पेन अडलं. शेवटच्या रविवारी चषक द्यायचा म्हणून आमची मॅच सगळ्यात शेवटी ठेवली होती.

"काय झालं मामा?"

"आता कसं लिवू, ताई? दोनीकडची पोरं समदी झोपून येनार. आता कोन जिकंल ते देवालाच ठावं." मग त्यांनी गावाकडे राहणाऱ्या बायकोची, भीमाबाईंची गोष्ट काढली. ती उद्या पारनेरहून येणार होती, नवऱ्याला स्टेजवर बघायला. पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवला होता तिने.

"मग गिअरवाले लिहा की. ते पहिल्या नंबरवर आहेत," मी म्हटलं. "डोळे झाकून एक गुण."

मामांनी मिशीवरून हात फिरवला आणि लिहिलं, 'जीत'. आमची. एकतीस नावांत तसं लिहिणारे ते एकटेच. भागवतच्या लॅपटॉपने बरोबरी सांगितली होती, त्याने ती लिहिली.

रविवारी थंडी मरणाची होती. पहिल्या तीन मॅच झाल्या, तेव्हा मामा आणि भागवत दोघांचे एक्केचाळीस गुण. म्हणजे सगळं आमच्या मॅचवर आलं. मामा सुट्टी घेऊन आले होते, अंगात पांढरा शर्ट, शेजारी भीमाबाई. दानीएलने नेहमीसारखा मोबाईल मामांच्या हातात दिला. त्याचे डोळे स्वच्छ होते. इतक्या महिन्यांत मी त्याचे डोळे तसे पाहिलेच नव्हते.

मला खेळातलं फारसं समजत नाही, पण त्या दिवशी दानीएल काय करत होता ते मैदानावरच्या कुत्र्यालाही समजलं असतं. गिअरवाल्यांनी चेंडू मारला, याने अडवला. वरून मारला, याने हात लावून बाहेर काढला. एकदा तर तिघे एकदम अंगावर आले आणि हा चेंडू पोटाशी धरून मातीत लोळला, तेव्हा मी कुणाच्या तरी दंडाला घट्ट धरलं होतं. नंतर बघते तर ते गोरक्षनाथ साहेब. लोकांनी चाळणी म्हणून ओरडायचं कधी थांबवलं ते लक्षातच आलं नाही. शेवटची पाच मिनिटं उरली, तरी दोन्हीकडे शून्य. आमच्या पोरांना एक गोल करता आला असता तर मामा जिंकले असते. एकदा चेंडू खांबाला लागून परतला, तेव्हा मामा मटकन खाली बसले.

शिट्टी वाजली. शून्य-शून्य. बरोबरी.

भागवत एका गुणाने पहिला आला. माइकवर त्याचं नाव पुकारलं गेलं. चषक गिअरवाल्यांनाच मिळाला. भीमाबाईंना काही उमगेना. "म्हंजी तुमी हारला का?" त्यांनी विचारलं.

"हारलो की," मामा म्हणाले. पण ते स्टेजकडे बघतच नव्हते. त्यांचे डोळे वाहत होते आणि मिशीत हसू मावत नव्हतं. मीही डोळ्याला पदर लावला, कबूल करते.

दानीएल मातीने भरलेला, धापा टाकत आमच्याकडे आला. मामांनी मोबाईल पुढे केला. त्याने वडिलांचा नंबर लावला, रिंग वाजू लागली. फोन त्याने मामांच्या हातात दिला. "तुम्हीच सांगा, मामा."

मामा गेटवर मोठ्या साहेबांची गाडी आल्यावर उभे राहतात तसे ताठ उभे राहिले. शर्टाचं वरचं बटण लावलं. पलीकडून जेम्सकाकांचा आवाज मलाही ऐकू आला. "किती सोडलेस?"

"जेम्स साहेब, म्या गेटवरला सूर्यभान बोलतोय," मामा त्यांच्या त्या बारीक आवाजात म्हणाले. "एकबी न्हाई."

काका म्हणाले, "पुन्हा एकदा सांगा हो."

मामांनी पुन्हा सांगितलं.