आमच्या हद्दीत येत नाही

त्या वर्षी "आमच्या हद्दीत येत नाही" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की माझं डोकंच फिरलं.

डोंबिवलीतल्या आमच्या दोन खोल्यांतून मी स्थानिक बातम्यांची वेबसाइट चालवायचे. बातमीदार मी, संपादक मी, शिव्या खाणारीही मीच. बिल्डिंगखाली मासळी विकणाऱ्या कोळीण मावशींनी एकदा मला रिकामी पाटी दाखवली. पहाटे शीळफाट्याजवळ नाल्यात एका केमिकल कंपनीचा टँकर रिकामा होताना त्यांनी स्वतः पाहिला होता, आणि दोन दिवसांत खाडीत मासे मरून तरंगत होते. "लिही गो," त्या म्हणाल्या, "मी सांगतंय. माझा नाव घाल."

मी ऑफिसं पालथी घातली. एका टेबलावर म्हणाले, नाला आमच्याकडे नाही. दुसऱ्यावर म्हणाले, खाडी आमच्याकडे नाही. कुठल्या हद्दीत मेलात, हे आता माशांनाच विचारायचं राहिलं होतं! मी तडकले आणि मावशींचं म्हणणं त्यांच्या नावाने, कंपनीच्या नावासकट छापलं. आधी कुणा वकिलाला दाखवावं, एवढं तेव्हा सुचलं नाही.

महिनाभराने समन्स आलं. बदनामीचा खटला, तोही ट्रेनने दोन दिवस लागतील अशा गावच्या कोर्टात. "अहो, खाडी इथली, मी इथली, कंपनीसुद्धा इथलीच!" मी वकीलबाईंवरच ओरडले. त्या म्हणाल्या, कंपनीच्या कुणीतरी तिथे मोबाइलवर बातमी वाचली, म्हणून बदनामी तिथे झाली, असं त्यांचं म्हणणं आहे. हद्दीचा मुद्दा काढता येईल, पण तो मांडायलाही तारखेला तिकडेच जावं लागेल. हद्द झाली की नाही!

घरी आई अंथरुणाला खिळलेली. तिला टाकून किती तारखांना जाणार होते मी?

"त्या मावशी साक्षीला येतील?" वकीलबाईंनी विचारलं.

"छे हो, त्यांना कुठे झेपणार," मी पटकन म्हणून मोकळी झाले.

बातमी काढून टाकली. खटला मागे घेण्याच्या बदल्यात कंपनीने पाठवलेला माफीनामा जसाच्या तसा वेबसाइटवर चढवला. त्यात 'खोट्या माहितीच्या आधारे' असे शब्द होते. ते मला दिसले होते, खुपलेही होते. तरी सही केली. फार घाबरले होते मी.

चार दिवसांनी मावशी दारात आल्या. नातीने त्यांना मोबाइलवर माफीनामा वाचून दाखवला होता. डोक्यावरची पाटीही त्यांनी उतरवली नाही.

"मंग खोटी मीच ना गो?"

मी भडाभडा सगळं सांगत सुटले. कोर्ट, तारखा, आईचं आजारपण. त्यांनी ऐकून घेतलं.

"कुठं हाय ता कोरट?"

मी गावाचं नाव सांगितलं. किती लांब आहे, तेही सांगितलं.

"मी आली असती ना गो," त्या म्हणाल्या. "मना इचाराचा तरी होता."