पाळीखालची बाई

"आला तं आला, पन काऊन आला?"

गावात नव्याने पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला ती हे विचारायची. कमरेवर हात, मान जराशी तिरपी, आणि उत्तर येईपर्यंत वाटेतून हलायची नाही. तहसीलदार असो की बांगडीवाला, तिच्या तोंडी सगळ्यांना 'तू'च होतं.

मी त्या गावच्या शाळेत बदलून गेलो तेव्हा चंद्रपूर जिल्ह्याचे दोन भाग होऊन फार काळ झाला नव्हता. नागभीडहून सुटलेली एसटी धानाच्या बांध्यांमधून हेलकावत यायची आणि तलावाच्या पाळीशी येऊन थांबायची. पुढे रस्ताच नव्हता. तलाव जुना, गोंड राजांच्या काळातला, असं म्हातारे सांगत. तीन बाजूंनी सागाच्या टेकड्या आणि चौथ्या बाजूला माती-दगडाची लांब पाळ. तिच्या खाली गाव. देवळाकडे शेतकऱ्यांची घरं, पलीकडे बौद्ध वस्ती आणि तिचा विहार, आणि पाळीला अगदी खेटून मासेमारी करणाऱ्या ढिवरांचा मोहल्ला. मला खोली मिळाली ती या मोहल्ल्याच्या तोंडाशी, तिच्या घरासमोर.

बदली झाली म्हणून आलो, असं मी सांगितलं. त्यावर तिने विचारलं, "बदली झाली म्हन्जे? तू काय केलं होतं?" आमच्या भागात बदली ही शिक्षाच समजत, हे तिला ठाऊक होतं. मी काहीच केलं नव्हतं. पण संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावाला कळलं होतं की नवा गुरुजी कुठेतरी काहीतरी करून आला आहे आणि सांगत नाही. वर्षभर ती माझ्याकडे त्याच नजरेने पाहायची. मासे मात्र ताजे द्यायची.

मलेरियावाला रक्ताचा थेंब घ्यायला आला, तेव्हा तिने तो कुठे जाणार ते विचारून घेतलं. चंद्रपूरला, असं तो म्हणाला. "आन वापस कवा आनून देते?" त्याने सुई डबीत ठेवली आणि माझ्या दाराशी आला.

आम्ही हसायचो, पण तो काळच संशयाचा होता. दक्षिणेच्या जंगलातून नक्षलवाद्यांच्या उलटसुलट बातम्या यायच्या. अनोळखी माणूस पाळीवर दिसला की चहाच्या टपरीवरचं बोलणं थांबायचं. पोलीस विचारायचे, कोण कोणाकडे जेवलं. कोण कोणाचा माणूस, हे प्रत्येक जण मनातल्या मनात चाचपायचा. ती तेवढं उघड बोलायची, इतकाच फरक.

तिच्या प्रश्नामागचं कारण मला तिच्या मुलाने सांगितलं. तलावाचं पाणी शेतात सोडण्यासाठी पाळीच्या तळाशी दगडी तोंड असतं, त्याला आमच्याकडे तुडूम म्हणतात. एका दुसऱ्या गावच्या तलावाचं तुडूम गाळाने बुजलं होतं. तिचा नवरा चांगला बुडी मारणारा. जीप आली, थोडंसं काम आहे म्हणून त्याला घेऊन गेली. तो आत असतानाच तोंड मोकळं झालं आणि ओढीने त्याला आत खेचलं. त्याच्या कमरेला बांधलेला दोर धरणाऱ्यांच्या हातून सुटला. कोणाच्या हातून, ते कधीच कळलं नाही.

मग एका भादव्यात पावसाने ताळ सोडला. सांडव्यावरून पाणी धो धो जात होतं, तरी तलाव उतरेना. पाळीच्या पायथ्याशी, थेट मोहल्ल्याच्या अंगणात, गढूळ पाणी झिरपायला लागलं. तुडूम उघडलं तर दाब कमी झाला असता, पण त्याच्या तोंडात झाडाचं खोड अडकलं होतं. ते ओढून काढायला कोणीतरी खाली जाऊन खोडाला दोर बांधणं भाग होतं. पाटबंधारे खात्याचा एक तरुण इंजिनियर जीप घेऊन आला आणि लोकांनी त्याला तिच्या दाराशी आणलं. मुलगा बापासारखाच बुडी मारायचा.

त्या दिवशी तिने नेहमीचा प्रश्न विचारला नाही. चौकट धरून ती जीपकडेच पाहत राहिली.

"माया नवऱ्याले नेलं तवाबी जीपच आलती," ती म्हणाली.

पाळ फुटली तर पहिलं घर तिचंच जाईल, असं इंजिनियरने हळू आवाजात सांगितलं. ते खरं होतं आणि तिलाही कळत होतं. मुलगा तर सदरा काढून उभाच होता.

"पोरगा जाईल," ती म्हणाली. "पन दोराचं एक टोक त्याच्या कमरेले, आन दुसरं तुया कमरेले."

सरपंच मध्ये पडले. साहेबाला कशाला, आम्ही दहा जण दोर धरतो म्हणाले. ती त्यांच्याकडे वळलीसुद्धा नाही. "दहा जन सोडून देतेत. बांधलेला मानूस सोडत नाई."

इंजिनियर म्हणाला, "बाई, मला पोहता येत नाही."

"मंग तं बेसच झालं."

मला वाटलं, तो आता चिडेल. त्याने बूट काढले आणि हात वर करून उभा राहिला. त्याच्या कमरेची गाठ तिने स्वतः मारली, ओढून पाहिली, सोडली आणि पुन्हा मारली.

मुलगा पाण्याखाली गेला. दुसऱ्या बुडीला खोड अचानक हललं. कमरेच्या दोराला असा हिसका बसला की इंजिनियर चिखलात गुडघ्यांवर पडला आणि पाण्याकडे घसरत निघाला. आम्ही सगळे त्याला बिलगलो, कोणी पायाला, कोणी कमरेला, आणि मागे ओढत राहिलो. पाणी गरगरत होतं. मुलाचं डोकं वर आलं तेव्हा त्याचा खांदा सोलून निघाला होता, पण तो जिवंत होता. खोड तुकडे होऊन वाहून गेलं आणि पाळीपलीकडे पाणी गर्जत बाहेर पडलं.

ती मुलाकडे धावली नाही. आधी इंजिनियरपाशी बसली. ओली गाठ घट्ट बसली होती, तिने ती दातांनी सोडवली. मग म्हणाली, "घरी चाल. भात खाऊन जा." तो चिखलाने माखला होता. जेवायला मात्र गेला.

पुढे माझी वडशाला बदली झाली. ती वारल्याचं तिथल्या बाजारात तिच्या मुलाने सांगितलं. थोड्याशा तापाने गेली म्हणाला.

मला आठवते ती पुराच्या पुढल्या उन्हाळ्यातली एक संध्याकाळ. तलाव आटून आत सरकला होता. तुडुमाचे दगड उघडे पडले होते आणि त्यावर ती एकटी बसली होती. मी जवळ गेलो, तसं न विचारताच नवऱ्याबद्दल बोलायला लागली. एकदा हिवाळ्यातल्या नाटकात त्याला शिपायाचं काम मिळालं होतं. बोलायचं एकच वाक्य: महाराज, दुश्मन आला. महिनाभर जाळं विणताना तो तेच घोकत होता.

"आन मी बसली होती समोरच. त्यानं मले पाह्यलं, आन म्हनते, महाराज, बायको आली."

सांगता सांगता ती हसायला लागली. पदर तोंडाशी धरला तरी हसू आवरेना. चिखलात चरणारे बगळे त्या आवाजाने उडाले, आणि ती डोळे पुसत हसतच राहिली.