अब्बांच्या हातातला सेट

माझं जे काही बरं झालं ते आपांमुळे, हे आधी सांगून टाकतो. बाकीचं मागनं येईल. आपा म्हणजे जालन्यातल्या उर्दू शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई. माझं त्यांच्याशी ना रक्ताचं नातं, ना गावाचं. गल्ली त्यांना आपा म्हणायची म्हणून मीही म्हणायला लागलो. त्या नसत्या तर मी जालन्यात टिकलो असतो का, टिकलो असतो तर कसा, याचा विचार मी करत नाही.

मी मूळचा कोकणातला, समुद्राकाठचा. आठवीत शाळा सुटली आणि एका नातेवाइकाच्या मागं जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यात आलो. नातेवाईक वर्षभरात कंटाळून परत गेला. मला भट्टीची धग सोसेना, म्हणून मी मोटारी भरायच्या दुकानात लागलो. विहिरीवरच्या जळक्या मोटारी यायच्या. जुनी तार उपसायची, नवी भरायची, वार्निश मारायचं, उन्हात ठेवायचं. मालक मला कोकण्या म्हणायचे.

आई गेली ते मला सगळं उरकल्यावर कळलं. गावाहून फोन आला होता तो शेजारच्या खताच्या दुकानात. तिथल्या माणसानं निरोप कुणाला तरी सांगितला, त्यानं आणखी कुणाला, आणि तो बाजारात कुठंतरी राहून गेला. कळलं तेव्हा माझ्यासमोर एक मोटार अर्धी भरलेली होती. ती मी पुरी केली. रडू यायला पाहिजे होतं, आलं नाही. जेवण जायचं, झोप लागायची, काम व्हायचं. फक्त कुठंही फोनची घंटा वाजली की मान वर व्हायची. दुसऱ्याच्या दुकानातली असली तरी.

त्याच दिवसांत आपा टेबलफॅन घेऊन दुकानात आल्या. मी तारेला डाग देत होतो, म्हणजे जोडावर कथील वितळवत होतो. त्या बघत राहिल्या.

"हात हलत न्हाई रे तुझा," म्हणाल्या.

"हात हलत न्हाई अन् तोंडबी हलत न्हाई त्याचं," मालक म्हणाले. "काय माहीत मासा धरून बसलाय का तोंडात."

आपा हसल्या नाहीत. "रविवारी घरी पाठवा त्याला. माझ्याकडं डाग द्यायचं काम पडून आहे."

आपांचं घर दुकानाच्या मागच्याच गल्लीत. स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या अर्ध्या भागावर पिठाचा डबा, मसाल्याच्या वाट्या, आणि उरलेल्या अर्ध्यावर उघडे वायरलेस सेट. मला वाटलं पोलिसांचं काहीतरी आहे, मी दारातच थांबलो. त्यांनी समजावून सांगितलं. सरकारची परीक्षा पास झालं की हौस म्हणून हवेवर बोलायचा परवाना मिळतो. त्यांच्या अब्बांकडे तो होता, अब्बांनी त्यांना शिकवलं, त्यांनाही मिळाला. आईचं त्यांना मालकांकडून कळलं असणार. डाग द्यायची गरम इस्त्री माझ्या हातात दिली आणि कुठं लावायची ते दाखवलं.

मग दर रविवारी जायला लागलो. पुढं त्यांनी मला परीक्षेला बसवलं. या परीक्षेला शाळेचा दाखला लागत नाही, हे त्यांनी मला तीन वेळा सांगितलं, तरी मला वाटत राहिलं की कुणीतरी मधेच उठून विचारणार, तुझी दहावी कुठं आहे? कुणी विचारलं नाही. परवाना आला. माझ्या नावाला एक कॉलसाइन मिळालं, हवेवर ओळख सांगायची अक्षरं. पण बोलायचं बटण मी कधी दाबलं नाही. सेट उघडायचे, दुरुस्त करायचे, त्यात चॅनल भरायचे, बंद करायचे. बोलायचं काय, आणि कुणाशी?

शतक संपायला दोन-तीन वर्षं उरली होती तेव्हाची गोष्ट. रस्त्याच्या ठेकेदाराचा एक कॅम्प बंद पडला आणि त्याचे गाडीतले जुने सेट भंगारवाल्याकडे आले. आपांनी ते उचलले. त्यांना रिपीटर उभा करायचा होता. रिपीटर म्हणजे उंचावर ठेवलेली पेटी. तिच्यात दोन सेट. एक खालून आलेला बारीक आवाज एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो, दुसरा तोच आवाज त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर मोठ्यानं बोलतो. मधे लांबट डब्यांचा फिल्टर लागतो, नाहीतर पेटी आपल्याच ओरडण्यानं बहिरी होते. "खुदच चिल्लाते रहे तो दुसऱ्याचं काय ऐकू येणार," आपा म्हणायच्या आणि डब्याचा स्क्रू केसभर फिरवायच्या. परवानगी त्यांनी आधीच रीतसर काढली होती.

हे सगळं कशासाठी, ते मला हळूहळू कळलं. अब्बा भोकरदनकडच्या हसनाबादला राहायचे. दमा होता, बाजेवरून उठणं कमी झालं होतं. एकेकाळी ते घरावर लांब तार ताणून कुठं कुठं बोलायचे. वादळात ती तार पडली, पुन्हा कुणी बांधली नाही. आता त्यांच्याकडे एक हातातला छोटा सेट होता, जालना त्याच्या टप्प्यात येत नव्हतं. तरी रोज असरच्या, म्हणजे उन्हं कलल्यावरच्या, नमाजनंतर ते सेट तोंडाशी धरून जालन्याला हाक द्यायचे. ऐकणारं कुणी नाही हे माहीत असून. गावातला फोन निम्मा वेळ मेलेला असायचा. आपा सुटीला जायच्या, पण मधल्या संध्याकाळी त्या हाका कुठं जात होत्या, हे त्यांच्या डोक्यातून जात नव्हतं. अब्बांच्या एका हाकेला तरी जालन्यातून उत्तर जावं, एवढंच त्यांना पाहिजे होतं. अब्बांचा दम बघता फार वेळ नव्हता.

सेटमध्ये चॅनल, म्हणजे फ्रिक्वेन्सीचे आकडे, भरायला कॉम्प्युटर लागायचा. शाळेतल्या नव्या कॉम्प्युटरवर तो प्रोग्राम चालेना. प्रोग्राम जुना, कॉम्प्युटर घाईचा. दोघांचा मेळ बसायचा नाही, सेट नुसता पींऽऽ करायचा. शेवटी एका कापसाच्या जिनिंगच्या हापिसातून टाकून दिलेला जुना कॉम्प्युटर मिळाला. त्याला टर्बो नावाचं बटण होतं. ते बाहेर काढलं की कॉम्प्युटर आणखी हळू व्हायचा, आणि मग सेट ऐकायचा.

अब्बांसाठी आपांनी दुसरा हातातलाच सेट तयार केला, थोडा जास्त ताकदीचा, सोबत घरावर बांबूला बांधायची अँटेना. पेटी आपांच्या गच्चीवर ठेवून आम्ही तपासणी केली. मी गल्लीच्या टोकाला अब्बांचा सेट घेऊन उभा, आपा स्वयंपाकघरात. मी बोललो नाही, नुसतं बटण दाबून सेटवर टिचकी मारली. त्यांना ऐकू आलं. त्या बोलल्या, मला ऐकू आलं. दोन्हीकडून साफ. पेटी टेकडीवर एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या टाकीवर चढवली. आपांचा चुलतभाऊ काळी-पिवळी जीप चालवायचा, त्याच्याबरोबर सेट आणि अँटेना हसनाबादला गेली.

संध्याकाळी आपांनी हाक दिली. उत्तर नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं माझाच डाग सुटला. मी टेकडीवर जाऊन प्रत्येक जोड हलवून पाहिला. सगळं ठीक.

मग जीपवाला भाऊ आला. दारातूनच म्हणाला, "आपा, मोठे अब्बा म्हणून राह्यलेत, पोरीला सांग, कान तपासून घे."

"काय?"

"तुमचं सगळं ऐकू येऊन राह्यलं त्यांना. रोज. जेवलात का म्हन्ता, गोळी घेतली का म्हन्ता. ते जवाब देतेत. तुम्ही परत तेच विचारता. त्यांना वाटतंय तुम्ही बहिऱ्या झाल्या."

आपा आधी हसल्या. मग हसायच्या थांबल्या आणि टेबलाला धरून बसल्या.

"डायरेक्ट," मला म्हणाल्या. "डायरेक्टच राहिला रे तो."

झालं होतं असं. सेटमध्ये ऐकायची फ्रिक्वेन्सी वेगळी आणि बोलायची वेगळी भरायची असते. बोलणं पेटीकडे जातं, ऐकणं पेटीकडून येतं. आपांनी अब्बांचा सेट चांगला आहे का ते बघायला दोन्हीकडे एकच भरली होती, म्हणजे सेटनं सेटशी थेट बोलायचं. नंतर ती बदलायची राहिली. गल्लीत आम्ही जवळ होतो, म्हणून माझी टिचकी पेटीशिवायच त्यांच्यापर्यंत गेली, आणि आम्हाला वाटलं पेटीतून आली. हसनाबादहून अब्बांचा आवाज कुठंच पोचत नव्हता. हौसेच्या या धंद्यात ही चूक प्रत्येकाच्या हातून एकदा होते म्हणतात.

"सेट घेऊन ये मागं," आपा भावाला म्हणाल्या. "लगेच भरून देते."

दुसऱ्या दिवशी भाऊ हात हलवत आला. "न्हाई देत. म्हन्ले, पोरगी ऐकू येतीय ना, तेवढं पुरे. सेट गेला अन् परत न्हाई आला तर?"

आपांनी टेबलावरची केबल गुंडाळली. मग माझ्याकडे वळल्या. "सेट येत न्हाई तर कॉम्प्युटर जाईल. तू घेऊन जा. मी इथं बसते. उत्तर द्यायला कुणीतरी पाहिजे ना."

मालकांकडे सुटी त्यांनीच मागितली. मॉनिटर चादरीत गुंडाळून मांडीवर, कॉम्प्युटरचा डबा पायाशी, फ्लॉपी शर्टाच्या आत. भोकरदनला जीप भरेपर्यंत थांबलो. एक म्हातारी टोपली घेऊन शेजारी बसली आणि चादरीवर हात ठेवून विचारलं, "टीव्ही हाय का रं?"

"न्हाई मावशी. कॉम्प्युटर."

"त्याच्यात काय दिसतंय?"

"आकडे."

"आकडे बघायला इतकं वझं?" ती म्हणाली आणि टोपली मॉनिटरवर ठेवून निवांत झाली. मी हसनाबादपर्यंत टोपली आणि मॉनिटर दोन्ही धरून बसलो.

अब्बा अंगणाकडच्या खोलीत बाजेवर बसले होते. अंगानं वाळलेले, सेट छातीशी. मी पाया पडलो. लाईट नव्हती. बसून राहिलो.

"कुठला रे तू?"

"कोकणातला."

"इतक्या लांब कशाला आल्तास?"

"कामाला."

"घरी कोण?"

"वडील. आई होती."

त्यांनी बघितलं. "गेल्तास का?"

"निरोप उशिरा आला."

त्यांनी मान हलवली. घरातून चहा आला. मी बशीत ओतला, प्यालो. समोर भिंतीवर उन्हाचा तुकडा होता, तो वर सरकला. मला काही वाटत नव्हतं. फक्त केबल आणली आहे ना, हे मी पुन्हा पुन्हा पिशवीत हात घालून बघत होतो.

लाईट आली. कॉम्प्युटर जोडला. "अब्बा, सेट द्या."

"इथंच लाव."

"हातातच?"

"मी हलत न्हाई. लाव तू."

मग तसंच. सेट त्यांच्या मुठीत, केबल त्यातून निघून कॉम्प्युटरला. पहिल्यांदा पींऽऽ झालं. सेट मेला तर आपांची रोजची हाकसुद्धा जाईल. मग आठवलं, टर्बो. जीपमध्ये कुणाच्या तरी पायाच्या धक्क्यानं बटण आत गेलं होतं. बाहेर काढलं. सेटमधलं आधी वाचून ठेवलं, आपांची शिस्त तशी होती, आधी जुनं जपायचं मग नवं लिहायचं. बोलायची फ्रिक्वेन्सी बदलली. लिहून दिलं. अब्बांचा श्वास चालू होता, मूठ हलली नाही. पडद्यावर ‘झालं’ असं आलं. मी केबल काढली आणि ती हातात धरून बसलो.

असर झाली. सेटमधून आपा बोलल्या, "अब्बा, जेवलात का? ऐकू येतंय का?"

अब्बांनी बटण दाबलं. आधी आपलं कॉलसाइन सांगितलं, पुरं, एकेक अक्षर सुटं करून, नियमाप्रमाणं. मग म्हणाले, "बोल बेटा. मैं तो कब से बोल रा हूँ."

बटण सोडलं आणि सेटमधून छोटं खर्रऽ आलं. पेटीनं त्यांचं ऐकलं की सोडताना ती असा आवाज करते. इतके दिवस तो आपांच्या बोलण्यानंतर यायचा, अब्बांच्या बोलण्यानंतर कधी नाही. अब्बांना तो माहीत होता. आपांचं उत्तर यायच्या आधीच त्यांनी डोळे मिटले.

मग आपा म्हणाल्या, "जेवलात का?"

"जेवलो. भेंडी होती. तुझ्या काकीनं मीठ जास्त घातलं."

त्यानंतर बऱ्याच गोष्टी झाल्या, शेळीच्या, गोळ्यांच्या, शाळेच्या परीक्षेच्या. शेवटी अब्बांना खोकला आला. त्यांनी सेट माझ्यापुढं धरला. सोडला नाही, नुसता पुढं केला.

"परवाना हाय ना तुला? मंग बोल."

मी त्यांच्या मुठीवरून बोट नेऊन बटण दाबलं. माझं कॉलसाइन पहिल्यांदा तोंडातून निघालं, जरा अडखळत. मग म्हणालो, "आपा, साफ येतंय. अब्बा बरे हायेत. मी जेवून निघतो."

एवढंच. आवाजात काही नव्हतं, आणि छातीतही नव्हतं. पण भूक लागली होती, ते आठवतं. खारट भेंडी मी वाढून घेतली.

पुढं वर्षभर रोज संध्याकाळी ते दोघं बोलले. मी टेकडीवर जाऊन बॅटरी बघायचो. पुढच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी अब्बांचं वाक्य दम लागून मधेच तुटायला लागलं. आपांनी ते ऐकलं आणि तशाच जीपमध्ये बसल्या. अब्बा गेले तेव्हा त्या त्यांच्या बाजेजवळ होत्या. मला त्यांनी हे परत आल्यावर सांगितलं, चहा गाळता गाळता, आणि मी मान हलवली.

मी अजून जालन्यात आहे. आता माझं स्वतःचं दुकान आहे, आणि कुणी नवीन माणूस परवान्याचं विचारायला आला तर मला बोलता येतं. आपा आता भाड्याच्या दुसऱ्या घरात राहतात. सेट अजून स्वयंपाकघरातच, पिठाच्या डब्याशेजारी, अर्ध्या टेबलावर. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी खांब उभे केले, स्वतःच्या घरावर धड तार नाही. विचारलं तर म्हणतात, बिलकुल जरुरत न्हाई. त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलेलं नाही, मागणारही नाहीत. आपा, हे तुमच्यापर्यंत गेलं तर ऐका. एक दिवस तुम्हाला एक खोली करून देणार, नुसती सेटची. पुरं टेबल, खिडकी, वर उंच खांब. तार मी ओढीन, डाग मी देईन, टाकीवर मी चढीन. तुम्ही नुसतं बसून बोलायचं. ते केल्याशिवाय मी राहणार नाही.